पांढरं कुठून सुरू झालं?

प्रस्तावना

रावेर-यावलकडचा जुना केळीवाला बागेत शिरला की आधी घडाकडे पाहत नाही, पानाकडे पाहतो. पान पिवळं दिसलं तर त्याचा पहिला प्रश्न असतो : पिवळं कुठून सुरू झालं? खालच्या जुन्या पानाच्या कडेनं पिवळेपणा आत सरकत असेल तर पालाश कमी पडलं. पोंगा सुटल्यावर नवं पानच फिकं निघत असेल तर लोहासारखं काही मुळांना मिळत नाही. पानावर ठिपके पडून ते एकमेकांत मिसळत असतील तर करपा आलाय. रंग एकच असतो, पण जागा बदलली की दुखणं बदलतं. आणि जागा सांगायची तर आठवड्यापूर्वीचं पान लक्षात असावं लागतं.

हे पुस्तक प्रवाळांबद्दल आहे. घरातल्या काचेच्या टँकमध्ये वाढवलेलं प्रवाळ निरोगी आहे की नाही, ते वाढतंय की नुसतं तग धरून आहे, हे कसं ओळखावं, एवढाच त्याचा विषय. त्यासाठी मी बरीच इंग्रजी पुस्तकं वाचली, भिंगं घेतली, पाण्याच्या चाचण्यांच्या बाटल्या जमवल्या. पण जी एक गोष्ट मला खरोखर उपयोगी पडली ती केळीच्या बागेतच बोलली जात होती. प्रवाळाच्या बाबतीत प्रश्न इतकाच बदलतो : पांढरं कुठून सुरू झालं?

जळगाव आणि धुळे हे जिल्हे समुद्रापासून लांबचे. इथं खारं पाणी म्हणजे बोअरचं मचूळ पाणी, आणि प्रवाळ म्हणजे सोनाराकडचं पोवळं किंवा वैद्यांकडची प्रवाळ पिष्टी. तिथूनच घोटाळा सुरू होतो. अंगठीतलं लाल पोवळं प्रामुख्यानं भूमध्य समुद्रातल्या एका खोल पाण्यातल्या प्रवाळाचा सांगाडा असतो. त्याला उन्हाची गरज नसते आणि ते प्रवाळखडकही बांधत नाही. आपण टँकमध्ये ज्यांच्याविषयी बोलतो ती उथळ, उबदार, लख्ख उजेडाच्या समुद्रातली प्रवाळं वेगळी. ती वनस्पतीसारखी दिसतात, दगडासारखी लागतात, आणि असतात मात्र प्राणी.

एक प्रवाळ म्हणजे एक वसाहत. तिच्यातला एकेक जीव, पॉलिप, म्हणजे तोंडाभोवती शुंडकांची झालर असलेली छोटी पिशवी. या पॉलिपच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात. शैवालं उजेडावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. यजमान त्यांना निवारा देतो आणि आपल्या शरीरातली नत्र-स्फुरदाची टाकाऊ द्रव्यं पुरवतो. दगडी प्रवाळं या कमाईच्या जोरावर पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन ॲरागोनाइटचा सांगाडा रचतात. मऊ प्रवाळं असा एकसंध सांगाडा रचत नाहीत. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या मांसल अंगात चुनखडीचे बारीक कण विखुरलेले असतात. आपल्याला दिसणारा तपकिरी-हिरवा रंग पुष्कळदा या शैवालांचा असतो. म्हणजे प्रवाळाचा रंग पाहताना आपण एका जिवाची नव्हे, दोन जिवांच्या भागीदारीची तब्येत पाहत असतो. पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणाची मुळं या एका वाक्यात आहेत.

समुद्र आपल्यापासून लांब आहे, पण तुटलेला नाही. पांझरा आणि गिरणा तापीला मिळतात, आणि तापी सुरतेखाली अरबी समुद्राला. आपल्या पायाखालचा काळा बेसॉल्ट पावसाच्या पाण्यानं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं कणाकणानं झिजतो. त्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट नदीच्या पाण्यातून समुद्रात जातं. समुद्रातले शंख, शिंपले आणि प्रवाळं ज्या साठ्यातून आपली घरं बांधतात, तो साठा जगभरच्या नद्यांनी असाच भरलेला आहे. आपल्या बोअरच्या पाण्याचा जो जडपणा गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, त्याच घटकांतून प्रवाळाची भिंत उभी राहते. मात्र म्हणून बोअरचं पाणी टँकला चालत नाही. तिथं आरओचं, आयनं काढून टाकलेलं पाणी आणि मोजून घातलेलं कृत्रिम समुद्री मीठच हवं.

पुढं जाण्याआधी कायद्याविषयी स्पष्ट लिहितो, कारण ते मागच्या पानावर बारीक अक्षरात छापण्याजोगं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळं, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे घालण्यात आले. आपल्या समुद्रातून ती काढणं, विकणं किंवा विकत घेणं हा गुन्हा आहे. त्यांना वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. प्रवाळखडकाचा तुकडा 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जात असेल तर तोही घेऊ नये. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची नोंदणी करावी लागते, आणि परदेशी दगडी प्रवाळं त्या यादीत येतात. माझ्या टँकमध्ये म्हणूनच फक्त मऊ प्रवाळं आहेत : एक सार्कोफायटन, ज्याला दुकानदार लेदर कोरल म्हणतात, काही मशरूम प्रवाळं आणि झोअँथसच्या दोन वसाहती. सगळी टँकमध्येच तुकडे करून वाढवलेली, पावतीनिशी घेतलेली. दगडी प्रवाळांवरची प्रकरणं रीतसर कागदपत्रं असलेल्यांसाठी आहेत, आणि ज्यांना समुद्रातलं प्रवाळ वाचायला शिकायचंय त्यांच्यासाठी. कागदाबद्दल शंका असेल तर प्रवाळ घेऊ नका. ते निरोगी आहे की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

आता मुख्य विषयाकडे. प्रवाळ पाहताना माणूस तीन गोष्टींवर विसंबतो : रंग, उमलणं आणि वाढ. तिन्ही खऱ्या खुणा आहेत आणि तिन्ही एकट्यानं फसवतात.

रंगापासून सुरुवात करू. प्रवाळ पांढरं पडलं म्हणजे मेलं, अशी समजूत सर्वत्र आहे. पाणी फार तापलं किंवा उजेड एकाएकी वाढला की शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, तिच्यातून घातक ऑक्सिजन-संयुगं तयार होतात आणि भागीदारी मोडते. शैवालं बाहेर पडतात. मागं उरतं ते पारदर्शक मांस, आणि त्यातून पांढरा सांगाडा दिसतो. हे विरंजन. असं प्रवाळ उपाशी असतं, मेलेलं नसतं. भिंगातून शुंडकं दिसतात, अंगावर चिकट ओल दिसते. परिस्थिती सुधारली तर काही आठवड्यांत रंग परत येऊ शकतो. दुसरा पांढरा रंग मरणाचा. तिथं मांसच सुटलेलं असतं, सांगाड्याच्या धारदार कडा उघड्या पडतात आणि थोड्याच दिवसांत त्यांवर शेवाळाचा हिरवट-तपकिरी थर चढतो. तिसरा पांढरा रंग चक्क आनंदाचा : ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळाचं टोक पांढरं असतं, कारण ते इतकं भराभर वाढतं की शैवालं तिथं अजून पोचलेली नसतात.

म्हणून प्रश्न 'पांढरं आहे का' हा नाही. टोकाला पांढरं आणि खालचा भाग रंगीत असेल तर बहुधा वाढ आहे. मात्र त्या टोकावर मांस शाबूत हवं. तेच टोक जळल्यासारखं सोललं असेल तर अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, फार चढली का, ते तपासावं. सगळीकडून सारखंच फिकं पडत असेल तर उष्णता, उजेड किंवा पोषणाची टंचाई. बुडाकडून वर सरकत असेल तर मांस हळूहळू मागं हटतंय. पाण्यातले चढउतार, खाली न पोचणारा उजेड, प्रवाहाविना साचलेला गाळ अशी कारणं शोधावीत. आणि सकाळी दिसलेला पट्टा संध्याकाळपर्यंत दुप्पट झाला असेल तर कारण शोधत बसायला वेळ नाही. निरोगी फांदी कापून वेगळी करावी. उलट दिशेचीही फसवणूक आहे. निळं-जांभळं प्रवाळ गडद तपकिरी होऊ लागलं की नवशिक्याला ते भरल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात नायट्रेट-फॉस्फेट वाढल्यानं किंवा उजेड कमी पडल्यानं शैवालांची गर्दी झालेली असते.

नुसत्या दिसण्यावर विसंबलं तर जाणतेही चुकतात, याचं उदाहरण आपल्या शेजारी आहे. धुळ्याच्या उत्तरेला, सातपुडा आणि नर्मदा ओलांडून, धार जिल्ह्यात बाघ नावाचं गाव आहे. तिथल्या लेण्यांतली चित्रं प्रसिद्ध आहेत. त्या परिसरात सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक हात आत शिरला होता, आणि त्याच्या तळाशी साठलेले चुनखडक आजही उघडे दिसतात. त्यातल्या एका थराला एकोणिसाव्या शतकातल्या भूवैज्ञानिकांनी 'कोरलाइन लाइमस्टोन' म्हटलं. नंतर बारकाईनं पाहिल्यावर कळलं की त्यात प्रवाळं नाहीतच म्हणावीत. तो मुख्यतः ब्रायोझोअन नावाच्या वेगळ्याच वसाहती प्राण्यांच्या अवशेषांनी बनलाय. नाव मात्र राहिलं. फांद्या तशाच, छिद्रं तशीच, फरक भिंगाखाली.

दुसरी खूण उमलण्याची. पॉलिप पसरलेले दिसले की घरातले सगळे खूश होतात. पण पॉलिप भूक लागली म्हणूनही पसरतात आणि उजेड कमी पडतो म्हणूनही ताणतात. बुडाकडून मांस सुटत असताना वरचे पॉलिप पूर्ण उमललेले असू शकतात. याउलट, मिटणं म्हणजे आजार नव्हे. पहिल्या वर्षी माझं सार्कोफायटन एका सकाळी मिटलं. त्याची छत्री आकसली, वर मेणासारखा चकाकता थर आला. आठ दिवसांत मी त्याची जागा तीनदा बदलली, दोनदा पाणी बदललं, दिव्याची वेळ कमी केली. या प्रवाळाला अधूनमधून कात टाकायची असते, हे मला ठाऊक नव्हतं. तो थर निघून जायला चांगला प्रवाह आणि निवांतपणा हवा होता. मी नेमका निवांतपणा काढून घेतला. त्याची एक कड सडली आणि कापावी लागली. त्या आठवड्यात माझ्याकडे वही असती तरी उपयोग झाला नसता, कारण आधीच्या नोंदीच नव्हत्या. पुढच्या वेळी मिटलं तेव्हा मी फक्त तारीख लिहिली. नवव्या दिवशी थर गळाला आणि दहाव्या दिवशी छत्री उघडली. आता ते किती दिवस मिटतं हे मला माहीत आहे, म्हणून त्याहून जास्त दिवस मिटलं तर ते आजारी आहे, हेही मला कळेल.

तिसरी खूण वाढीची. ती सगळ्यांत भरवशाची, पण फार सावकाश बोलते. पोरायटिससारखं गोळ्यासारखं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं; ॲक्रोपोराच्या फांद्या अनुकूल जागी दहा सेंटिमीटर किंवा अधिकही. रोज पाहणाऱ्याला हे दिसत नाही, जसं घरातलं मूल वाढताना आईला दिसत नाही आणि दिवाळीला आलेल्या मामाला दिसतं. म्हणून मोजावं लागतं. झोअँथसची तोंडं मोजावीत. महिन्यातून एकदा, पंप बंद करून, एकाच कोनातून, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावं, आणि तेही पांढऱ्या उजेडात. निळ्या एलईडीखाली मरतुकडं प्रवाळही झळाळतं.

दगडी प्रवाळासाठी संशोधक वापरतात ती एक सुंदर रीत घरीही जमते : पाण्यात टांगून वजन करणं. प्रवाळाच्या मांसाची घनता समुद्राच्या पाण्याइतकीच असल्यानं पाण्यातल्या वजनात मांस जवळजवळ धरलंच जात नाही; तराजूवर उतरतो तो सांगाडा. ॲरागोनाइटची घनता २.९३ धरली तर पाण्यातले १० ग्रॅम म्हणजे सुमारे १५ ग्रॅमचा सांगाडा. प्रवाळाला हवेत काढून पुसायची गरज नाही.

दुसरी रीत पाण्याला विचारायची. सांगाडा रचताना प्रवाळ पाण्यातली अल्कलिनिटी वापरतं. १०० लिटर पाण्यात ती एक डीकेएचनं, म्हणजे तिच्या मापाच्या एका एककानं, उतरली तर सुमारे १.८ ग्रॅम चुनखडी कुठंतरी जमली असा हिशेब होतो. 'कुठंतरी' हा शब्द महत्त्वाचा आहे. काचेवरचं गुलाबी कोरलाइन शैवालही तीच अल्कलिनिटी वापरतं, आणि अमोनियाचं नायट्रेट होतानाही ती खर्च होते. तरी रोजचा खर्च ठरावीक असताना एका आठवड्यात तो निम्म्यावर आला, तर डोळ्यांना काही दिसण्याआधी पाण्यानं सांगितलंय की प्रवाळानं काम थांबवलं. ठिबकवर खत सोडणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पीक उचल कमी करतं तेव्हा त्याच्या मनात मुळांची शंका येतेच.

खान्देशात हे सगळं उन्हाळ्याच्या तडाख्यात करायचं असतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि टँकमधलं पाणी तर २४ ते २७ अंशांत राहायला हवं. ३० च्या वर ते दिवसेंदिवस राहिलं तर रंग जायला लागतो. मात्र आपल्याकडे मुंबईला नसलेली एक सोय आहे : कोरडी हवा. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं पाण्यावर साधा पंखा सोडला तर टँक दोन-तीन अंशांनी उतरतो. त्याची किंमत बाष्पीभवनात मोजावी लागते. २०० लिटरच्या टँकमधून रोज चार लिटर पाणी उडालं आणि तीन दिवस कुणी भर घातली नाही, तर ३५ ची क्षारता ३७ च्या वर जाते, कारण पाणी उडतं, मीठ मागंच राहतं. म्हणजे उष्णतेपासून वाचवताना खारटपणानं मारायचा धोका. भर गोड पाण्याची घालायची, खाऱ्या नव्हे, आणि थोडी थोडी. मृग बरसला की हवा दमट होते आणि तोच पंखा निकामी ठरतो. बाहेरचा पारा उतरलेला असताना टँकचा चढतो. आणि वीज गेली की आधी प्राणवायूची काळजी, कारण गरम पाण्यात तो कमीच विरघळतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही खान्देशी टँकची पहिली खरेदी असावी. किनाऱ्यावरच्या शहरांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत हे वर्षाचं चक्र नसतं. म्हणून हे पुस्तक महिन्यांच्या क्रमानं लावलंय.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी नोंदीसाठी कोरं पान सोडलंय. त्यात रंगासाठी एक रकाना आहे. त्याची कल्पना ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या कोरलवॉच या उपक्रमाकडून घेतली. त्यांच्या रंगपट्टीवर प्रवाळाच्या सर्वांत फिक्या आणि सर्वांत गडद भागाला एक ते सहा अंक देतात. एक अंक स्वतः काही सांगत नाही. तेच प्रवाळ पाचवरून तीनवर आलं तर ते बोललं. भातासाठी नत्राची पानपट्टी वापरणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. दुसऱ्याच्या टँकमधल्या प्रवाळाशी आपल्या प्रवाळाची तुलना करू नका. त्याची तुलना त्याच्याच गेल्या महिन्याशी करा. या पुस्तकात पुष्कळ तक्ते असले तरी माझं सांगणं एवढंच आहे. प्रवाळाची तब्येत एका नजरेत मावत नाही. ती दोन नोंदींमधल्या फरकात असते.

हे शिकायचं कशासाठी, असा प्रश्न मला घरातही विचारला गेलाय. ज्या महाराष्ट्राचे आपण रहिवासी आहोत त्यालाही प्रवाळं आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. तिथल्या खडकांवर पोरायटिस आणि टर्बिनारिया आहेत. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, भर समुद्रात कान्होजी आंग्र्यांचं नाव धारण करणारी आंग्रिया बँक आहे. तिचा माथा लाटांखाली सुमारे वीस मीटरवर आहे आणि त्यावर प्रवाळांची वस्ती आहे. एप्रिल २०२४ मध्ये जगातल्या प्रवाळांचं चौथं जागतिक विरंजन सुरू असल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. समुद्राचं पाणी नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा एखादा अंश जास्त काही आठवडे राहिलं, तरी विरंजन सुरू होतं. ज्यानं आपल्या टँकमध्ये एक अंश वाढल्यावर रात्री उठून पंखा लावलाय, त्याला त्या एका अंशाचं वजन कळतं. तिथं पंखा लावता येत नाही, हेही कळतं. जळगावात, धुळ्यात असे पन्नास लोक तयार झाले तर आंग्रिया बँकेची बातमी आपल्याकडे आतल्या पानावरून उडून जाणार नाही.

एक विनंती. हे पुस्तक वाचून लगेच प्रवाळ घेऊ नका. आधी तीन महिने नुसतं खारं पाणी सांभाळा, तापमान आणि क्षारता रोज लिहा, एक उन्हाळा जाऊ द्या. नोंदी सरळ रेषेत राहिल्या तर मग पहिलं मऊ प्रवाळ आणा. ज्यांना टँक घ्यायचाच नाही त्यांनीही वाचावं. मालवणला गेलात तर तुम्हाला पाण्याखाली पांढरं दिसेल, आणि ते कोणतं पांढरं आहे हे तुम्ही सांगू शकाल.

ज्या केळीवाल्यानं मला पानाकडे पाहायला शिकवलं, त्यानं माझा टँक एकदाच पाहिला. बराच वेळ वाकून पाहत राहिला आणि त्यानं एकच विचारलं, "काल कसं होतं?" मी वही उघडून दाखवली. तेवढ्यानं त्याचं समाधान झालं.

आज आखाजी. घागर भरली, सांजोऱ्या झाल्या, अंगणात झोका चढलाय. बाहेर ऊन भाजतंय. टँकचं तापमान २६.८, क्षारता ३५, भर साडेतीन लिटर. सार्कोफायटन उघडं. झोअँथसची तोंडं एकेचाळीस. गेल्या महिन्यात अडतीस होती.

जळगाव, अक्षय्य तृतीया